वन्स मोअर न मागणारे संगीत

बेट्टदपुर हे म्हैसूर जिल्ह्याच्या पिरियापट्टण तालुक्यातले गाव. कानडीत बेट्ट म्हणजे डोंगर. ज्या डोंगराने गावाला नाव दिले, त्याच्या माथ्यावर मल्लिकार्जुनाचे देऊळ आहे आणि पंचक्रोशीत त्याला सिडिलु मल्लिकार्जुन म्हणतात. आकाशातल्या विजेच्या एकाच घटनेला कानडीत तीन शब्द आहेत. चमकते ती मिंचु, गडगडतो तो गुडुगु आणि कोसळते ती सिडिलु. काही वर्षांच्या अंतराने ही कोसळणारी वीज देवाच्या भेटीला येते, अशी इथली श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी या तीन शब्दांत नाटकाच्या संगीतकाराचा सगळा धंदा सामावलेला आहे असे मला वाटते. रंगमंचावर मिंचु दाखवायला एक दिवा पुरतो. गुडुगु ऐकवायला विंगेत टांगलेला पत्रा हलवला की झाले. जुन्या कंपन्यांनी तेवढ्यावर असंख्य वनवास आणि वादळे निभावून नेली. सिडिलु मात्र पत्र्याच्या हाती लागत नाही. ती कोसळायची तर तिच्या आधीची शांतता बांधावी लागते. कोणाचा श्वास कुठे अडकवायचा, कोणते वाद्य दोन क्षण आधी थांबवायचे, हे ठरवावे लागते. नाट्यदिग्दर्शक आणि संगीतकार बी. व्ही. कारंतांना हे ठरवता येत असे. या पुस्तकाचा विषय ते ठरवणे हाच आहे. त्यांची गाणी ही त्यातली एक बाब.

हे काम करणाऱ्या माणसाला आपल्याकडे धड नावही नाही. अमेरिकेतल्या ब्रॉडवेच्या रंगभूमीवर चाल बांधणारा एक आणि ती चाल कोणत्या वाद्याने, कोणत्या पट्टीत, कोणत्या वाक्याखाली वाजवायची हे लिहून देणारा दुसरा, अशी उघड विभागणी असते. 1943 सालच्या ‘ओक्लाहोमा!’च्या चाली रिचर्ड रॉजर्सच्या, पण त्यांचा वाद्यमेळ रॉबर्ट रसेल बेनेट यांनी बांधला, आणि दोघांचीही नावे नोंदली गेली. कुर्ट वाइलसारखा एखादाच, जो स्वतःच्या चालींचा वाद्यमेळ दुसऱ्याच्या हाती देत नसे. आपल्याकडे पदाच्या चाली कोणाच्या हे नाटकाच्या पुस्तकावर छापले गेले. साथ कशी असावी हे ज्याने ठरवले तो पेटीच्या मागेच राहिला. जुन्या म्हैसूर भागातल्या गावांत हौशी मंडळी आजही ‘कुरुक्षेत्रा’सारखी पौराणिक नाटके उभी करतात, तेव्हा आधी शोध होतो तो हार्मोनियम मेष्ट्रूंचा, म्हणजे पेटीमास्तरांचा. हे मास्तर शेतकऱ्याच्या पोराला दुर्योधनाची पदे शिकवतात, पण तेवढ्यावर त्यांचे काम संपत नाही. शब्द अडखळला तर सुराने तो उचलून धरायचा, पात्राचा प्रवेश लांबला तर मधली जागा भरायची, गदायुद्धाला जोर कमी पडला तर लय चढवायची, आणि भीम संवाद विसरला तर त्याला पुढच्या पदाचा सूर देऊन थेट तिथे नेऊन सोडायचे. पायांनी भाता हाकायची पायपेटी या कामी आली ती दोन कारणांसाठी. दोन्ही हात मोकळे राहिल्यामुळे आवाज भरपूर मिळतो, आणि मास्तरांची मान वर राहते. म्हणजे डोळा नटावर, पाय भात्यावर, हात सुरांवर. ध्वनिक्षेपक नसलेल्या तंबूत नाटक चालवणारा माणूस तो हाच. दिग्दर्शक हा शब्द त्या मानाने पुष्कळ नंतरचा.

कारंत घडले ते या पेटीच्या आसपास. दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बंटवाळ तालुक्यात, मंची गावाजवळच्या बाबुकोडीत 1929 साली त्यांचा जन्म झाला. हा यक्षगान या नृत्यनाट्याचा मुलूख. पोरवयातच घर सोडून ते गुब्बी वीरण्णांच्या कंपनीत दाखल झाले. 1884 साली स्थापन झालेली ही कंपनी म्हणजे कानडी रंगभूमीवरचे संस्थानच होते. ‘कुरुक्षेत्रा’त खरे हत्ती आणण्यापर्यंत तिची मजल गेली होती. कंपनीने मुलाला वेष चढवायला शिकवले, गायला शिकवले, आणि एक गोष्ट अशी केली की जी कंपनी मालकांच्या चरित्रांत सहसा सापडत नाही: वीरण्णांनी त्याला शिकायला बनारसला धाडले. तिथे हिंदीत एम. ए. आणि ओंकारनाथ ठाकुरांकडे हिंदुस्थानी गायनाची तालीम. पुढे इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून 1962 साली पदविका. म्हणजे कानांवर झालेले संस्कार चार: यक्षगानाचा चंडे ढोल, कंपनीची पायपेटी, ग्वाल्हेर घराण्याचा ख्याल आणि अल्काझींच्या शाळेतली पाश्चात्त्य शिस्त. 1977 ते 1981 ते त्याच विद्यालयाचे संचालक होते, मग भोपाळच्या भारत भवनात रंगमंडळ उभारायला गेले, आणि 1989 साली कर्नाटक सरकारने म्हैसुरात ‘रंगायण’ सुरू केले तेव्हा पहिले संचालक म्हणून परतले. 2002 साली बंगळुरात ते वारले. या आयुष्यातल्या नेमणुका, पुरस्कार आणि वाद यांचा तपशील पुढे यथास्थित येईलच. प्रस्तावनेत मला एकच मुद्दा मांडायचा आहे. कारंतांनी संगीत नाटक मोडले असे सर्रास समजले जाते. माझ्या मते त्यांनी ते मोडले नाही. संगीत नाटकाने वाटेत गमावलेली एक वस्तू त्यांनी परत आणून जागेवर ठेवली, आणि ती वस्तू मराठी वाचकाच्या ओळखीची आहे, कारण ती हरवली आपल्याच घरात.

ती कशी, हे पाहायला सांगलीपर्यंत मागे जावे लागते. होन्नावरजवळच्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीत आली, तिचे खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करायला सांगितले, आणि 5 नोव्हेंबर 1843 रोजी ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले, ही हकिगत शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तिचा संगीताच्या अंगाने काय अर्थ होतो, याकडे मात्र कमी लक्ष जाते. भाव्यांच्या खेळात गात असे तो सूत्रधार. राम, रावण, सीता ही पात्रे येत, वेळेवर सुचेल तसे बोलत. कथा पुढे सरकत असे ती सूत्रधाराच्या पद्यातून. हा सूत्रधार म्हणजे यक्षगानातला भागवतच. भागवत टाळ घेऊन रंगस्थळाच्या मागे उभा राहतो, मद्दळे आणि चंडे त्याच्या सोबतीला. पात्राला तो आत आणतो, नाचवतो, प्रश्न विचारतो, वेळप्रसंगी चिडवतोही. गाणारा भूमिकेच्या बाहेर आहे आणि म्हणूनच त्याला सगळे नाटक दिसते. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगवले तेव्हा त्यांनी पदे सूत्रधाराकडून काढून पात्रांच्या तोंडी घातली. किर्लोस्कर स्वतः गुर्लहोसूरचे, कानडी मुलखात वाढलेले. चालींतही कर्नाटकी वळणे मुबलक. पण गाणारा आणि भूमिका करणारा त्यांनी एक केला, आणि त्या क्षणी मराठी रंगभूमीला गायकनट मिळाला व नाटकाबाहेर उभा राहून नाटक सांभाळणारा गायक गेला. पुढे मराठी कंपन्या धारवाड-हुबळीकडे फिरल्या, त्यांचा थाट पाहून ईर्ष्येने तिकडेही कानडी मंडळ्या निघाल्या, दक्षिणेत म्हैसूरच्या राजवाड्याने नाटक सभेला आश्रय दिला. कर्कीहून सांगलीला गेलेली वस्तू कर्नाटकात परतली खरी, पण भागवत वाटेत राहून गेला होता.

इथे मराठी वाचक हटकणार, आणि त्याचे हटकणे रास्त आहे. किर्लोस्करांनी नाटकाचा गळा गायकाच्या हाती दिला असे म्हणणे अन्यायाचे नाही का? ‘शाकुंतला’त दोनशेच्या आसपास पदे आहेत, इतकी पदे एका रात्रीत बसतात याचा अर्थच असा की ती आटोपशीर होती, संवादाचे काम करत होती, गाऊन झाले की बाजूला होत होती. ‘सौभद्र’ आजही वाचून पाहावे: पद काढले तर प्रवेश लंगडा होतो. हे सगळे मान्य. आक्षेप किर्लोस्करांवर नाहीच. त्यांच्या मांडणीत एक उतार होता आणि पाणी पुढे त्या उताराने गेले, एवढेच म्हणणे आहे. 1911च्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंब्यांच्या चाली लाभल्या, 1916च्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांच्या, आणि पद हे रागविस्ताराचे मैदान झाले. गंधर्व नाटक मंडळीत सारंगीला कादरबक्ष, तबल्याला अहमदजान थिरकवा, ऑर्गनला हरिभाऊ देशपांडे अशी साथ होती. एखाद्या दरबारालाही हेवा वाटावा अशीच! पण तीनही माणसे एका गळ्याकडे तोंड करून बसलेली. त्यातून जे गाणे निर्माण झाले त्याचे मोल कमी करण्याचा करंटेपणा कोणी करू नये. नाटकाच्या बाजूने मात्र हिशेब वेगळा निघतो. ‘वन्स मोअर’ची आरोळी उठली की रुक्मिणी थांबते, कृष्ण थांबतो, काळ थांबतो; प्रेक्षागृहात उरतात बालगंधर्व. ज्या संगीताला वन्स मोअर मिळू शकतो ते नाटकातून सुटे करता येते, आणि जे सुटे करता येते ते तबकडीवर जाते, मैफलीत जाते, आज स्पर्धांत जाते. जितेंद्र अभिषेकींनी 1964च्या ‘मत्स्यगंधे’पासून पदाला पुन्हा आवर घातला, ते नाट्यप्रसंगाच्या मापात आणले, तरी पद हे पदच राहिले, उचलून नेता येण्याजोगे.

कारंतांनी गाणाऱ्याला पुन्हा भूमिकेबाहेर काढले. त्यांनी केलेल्या गिरीश कर्नाडांच्या ‘हयवदना’त भागवत हे पात्रच आहे. तो गणेशस्तवनाने सुरुवात करतो, गोष्ट सांगतो, पात्रांशी बोलतो, आणि पद्मिनी जे उघड बोलू शकत नाही ते तिच्या वतीने बोलून दाखवतो. देवदत्ताचे डोके कपिलाच्या धडावर बसते या चमत्कारावर कोणी विश्वास ठेवायचा तर तो गद्य संवादाने बसणार नाही, आणि गायकनटाच्या ख्यालाने तर मुळीच नाही. गोष्ट सांगणाऱ्याच्या स्वरात ती अतर्क्यता सहज मावते. हेच नाटक मराठीत चिं. त्र्यं. खानोलकरांच्या अनुवादातून विजया मेहतांनी केले, संगीत भास्कर चंदावरकरांचे. 16 डिसेंबर 1972 रोजी चंदावरकरांच्याच संगीतात ‘घाशीराम कोतवाल’ आले आणि सूत्रधार व झिलकऱ्यांची ती माणसांची भिंत मराठी रंगमंचावर उभी राहिली. म्हैसूर-बंगळुराकडे आणि पुण्याकडे एकाच सुमाराला भागवत परतला, हा मला योगायोग वाटत नाही. कारंत आणि चंदावरकर एकमेकांना चांगले ओळखत होते. 1971चा ‘वंशवृक्ष’ हा कानडी चित्रपट कर्नाडांबरोबर कारंतांनी दिग्दर्शित केला, आणि त्याला संगीत दिले चंदावरकरांनी. स्वतः संगीतकार असलेल्या माणसाने आपल्या चित्रपटाचे संगीत दुसऱ्यावर सोपवावे, यात त्याच्या स्वभावाविषयी बरेच कळते.

गाणाऱ्याला बाहेर काढण्याचा अर्थ गाण्याला बाहेर काढणे असा मात्र नव्हता. धारवाडचे ‘जडभरत’ म्हणजे जी. बी. जोशी, यांचे ‘सत्तवर नेरळु’ कारंतांनी 1974 साली केले तेव्हा त्यात गाणी भरपूर होती. नाटक मठाच्या गादीवरचे, मेलेल्यांच्या सावल्यांनी जिवंतांवर सत्ता गाजवण्याचे. कारंतांनी त्यात पुरंदरदासांची पदे पेरली. पुरंदरदास म्हणजे पंढरीच्या विठ्ठलाचा दास, प्रत्येक पदाच्या शेवटी ‘पुरंदर विठ्ठल’ ही मुद्रा. कर्नाटकात ही पदे कर्नाटक संगीताच्या मैफलीत आदराने, हात जोडून ऐकली जातात. ती पदे त्यांनी मठातल्या डावपेचांच्या शेजारी आणून ठेवली. शब्द तेच, भक्तीही तीच. पण शेजार बदलल्यामुळे दासांचा उपरोध, जो मैफलीत सुरांखाली दबून जात असे, उघडा पडला. चाल बांधणे आणि वाद्यमेळ बांधणे याहून निराळी अशी ही तिसरी कला आहे: तयार संगीत कुठे ठेवायचे ते जाणण्याची. मराठीत याचे जवळचे उदाहरण घाशीरामातल्या कीर्तनाचे आणि लावणीचे. हरिनाम आणि बावनखणी एकमेकांना लागून आले की प्रेक्षकाला वेगळे भाष्य लागत नाही.

कारंतांवरचा सर्वांत गंभीर आक्षेप मराठीतून आलेला नाही, तो कन्नड आणि हिंदी समीक्षेतून आला आहे. त्यांचे संगीत शब्दाला गिळते, असा तो आक्षेप. नाटककाराने जिथे विचार करायला लावायचे ठरवले होते तिथे प्रेक्षक ठेका धरतो. या आक्षेपात तथ्य आहे, आणि तो खोडून काढण्याचा आटापिटा मी करणार नाही. तालमीत पेटी पुढ्यात घेऊन, नटांच्या हालचालींबरोबरच चाल बांधत जाण्याची त्यांची पद्धत होती. अशा पद्धतीत सुचण्याला लगाम राहत नाही. काही प्रयोगांत संगीत हे प्रयोगापेक्षा मोठे झाले असेल. परंतु हाच आक्षेप आणखी ताणून असे म्हटले जाते की ते मुळात दिग्दर्शक, त्यांचे संगीत हा दिग्दर्शनाचा लवाजमा, संगीतकार म्हणून वेगळा विचार करण्याचे कारण नाही. हे टिकत नाही. संगीतकार कारंतांची परीक्षा तिथे घ्यावी जिथे दिग्दर्शन दुसऱ्याचे आहे. ‘ऋष्यशृंग’साठी 1976चा आणि गिरीश कासारवल्लींच्या ‘घटश्राद्ध’साठी 1977चा, असे सलग दोन वर्षे उत्कृष्ट संगीताचे राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाले, पण पुरस्कारांपेक्षा बोलका पुरावा मृणाल सेन यांचा आहे. ‘एक दिन प्रतिदिन’मध्ये कोलकात्याच्या मध्यमवर्गी घरातली कमावती मुलगी एका रात्री घरी परतत नाही आणि घर तिची वाट पाहते, एवढीच गोष्ट. ‘खारिज’मध्ये हिवाळ्याच्या रात्री स्वयंपाकघरात झोपलेला नोकर पोरगा कोंडलेल्या धुराने मरतो. दोन्हींत गाण्याला जागा नाही, नृत्याला नाही, लोककलेचा तर वासही नाही. तरी संगीतासाठी सेन यांनी बोलावले ते कारंतांना. शांतता कुठे फोडायची आणि कुठे फोडायची नाही, हे जाणणारा माणूस त्यांना हवा असणार. ठेका धरायला लावणारे कोलकात्यात ढिगाने होते.

याच पुराव्याने दुसऱ्या एका आक्षेपाचेही उत्तर मिळते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ‘मुळांकडे’ जाण्याची लाट आली, सरकारी अनुदानांनी ती फुगवली, आणि उत्सवांच्या मांडवात लोककला ही आरास म्हणून टांगली जाऊ लागली. कारंत हे त्या लाटेचे पुढारी होते असे त्यांच्या खात्यावर मांडले जाते. लाट होती, आरासही होती, आणि कारंतांचे नाव घेऊन ती टांगणारे पुष्कळ होते. पण 1979चे ‘बरनम वन’ पाहा. रघुवीर सहाय यांनी हिंदीत आणलेला ‘मॅकबेथ’, राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या रंगमंडळाचे नट, आणि बाज यक्षगानाचा. उत्तर हिंदुस्थानातल्या नटाने वर्षानुवर्षांची ती विद्या काही महिन्यांच्या तालमीत कशी आत्मसात करावी, ही तक्रार तेव्हाही झाली. ती यक्षगानाच्या बाजूने बरोबर आहे. मॅकबेथच्या बाजूने पाहिले तर चित्र पालटते. यक्षगानातले पात्र चालत येत नाही, ते तालावर ओढले जाते. चंडे त्याला थांबू देत नाही. पहिला खून केल्यावर थांबणे ज्याच्या हाती राहिलेले नाही अशा राजासाठी याहून नेमकी चाल कोणती असणार? कारंतांनी अख्खे यक्षगान आणण्याचा आव आणला नाही. त्यातली ही ओढ तेवढी घेतली. सजावट करणारा माणूस किरीट आणि भुजबंद घेतो, लय घेत नाही, कारण लय प्रेक्षकाच्या छायाचित्रात येत नाही.

म्हैसूरच्या रंगायणात ही सगळी रीत एका जागी, एका गटाबरोबर, रोजच्या रोज राबवण्याची संधी त्यांना मिळाली. निवडून घेतलेली तरुण मंडळी तिथे पगारी नट म्हणून राहिली आणि नटानेच गायचे, नटानेच वाजवायचे, असा तिथला शिरस्ता पडला. वाद्यवृंद वेगळा आणि नटसंच वेगळा ही कंपनीच्या काळची फाळणी त्यांनी पुसली. आवाज काढण्याजोगी जी वस्तू हाताशी येईल, बांबू, दगड, शंख, भांडे, ती मेळात बसू लागली. कुवेंपूंचे ‘किंदरी जोगी’ असो की पु. ति. नरसिंहाचारांचे ‘गोकुल निर्गमन’, कवींनी मुळात गेय म्हणूनच लिहिलेल्या या कृती अशा गटाच्या सामुदायिक गळ्याला मानवल्या. गोकुळ सोडून कृष्ण निघतो तेव्हा रडायचे एका गोपीने नसते, गावाने रडायचे असते. एकल गायकाच्या रंगभूमीला ते रडणे कधी साधले नसते. त्यात गाणारे गळे सगळेच तयारीचे नव्हते. ते तसे नव्हते हेच बरे, असे माझे मत आहे, अर्थात शास्त्रीय गायनाच्या बैठकीतून उठून नाटकाला जाणाऱ्या रसिकाला ते पटणार नाही.

या रीतीची किंमतही मोजावी लागली. तालमीत जन्मलेले, नटाच्या चालीला आणि श्वासाला बेतलेले संगीत कागदावर सहज उतरत नाही. चालींची स्वरलिपी करता येते, काही झालीही. पण मद्दळे नेमके कोणत्या पावलावर थांबले, समूहातले कितीजण वरच्या षड्जावर गेले आणि कितीजण मुद्दाम खालीच राहिले, हे नटांच्या आठवणीत राहते. किर्लोस्करी पदे आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी जशी गाता येतात तशी कारंतांची नाटके पुन्हा वाजवता येणार नाहीत. मैफलीत ‘रंगगीते’ म्हणून त्यांची गाणी कर्नाटकात गायली जातात, लोक टाळ्या देतात, आणि कारंतांचे सगळे काम ज्याच्या विरुद्ध होते तेच त्यांच्या वाट्याला येते: गाणे नाटकातून सुटे होते. माझ्या मांडणीवरचा हा सर्वांत अवघड पेच आहे. गाणी सुटी गाता येत असतील तर किर्लोस्करी पदाहून ती वेगळी कशी? उत्तर एवढेच देता येते की सुटे गायल्यावर नाट्यपद मोठे होते, आणि ही गाणी लहान होतात. ‘स्वयंवरा’तले पद मैफलीत फुलते, कारण त्याच्यात फुलायला राग आहे. कारंतांची चाल मैफलीत उघडीबोडकी वाटते. तिच्या खालचा पायरव, तिच्या आधीचे थांबणे, तिच्यावर चढत गेलेला गलका, यांतले काही तिच्याबरोबर व्यासपीठावर येत नाही. तिचे अपुरेपण हीच तिची ओळख आहे. पुस्तकाला या अपुरेपणाशी झगडत पुढे जावे लागते. गाण्यांची यादी आणि पुरस्कारांची सनावळ देऊन मोकळे होण्याचा सोपा रस्ता त्याला नाही.

पुढची पाने उघडण्याआधी वाचकाने शक्य असेल तर ‘चोमन दुडी’ हा चित्रपट पाहावा. कारंतांच्या नाटकांपैकी आज आपल्यापर्यंत अखंड पोचणारे फारसे काही नाही. हा चित्रपट मात्र दिग्दर्शन आणि संगीत दोन्ही त्यांचे असलेला, 1975चे सुवर्णकमळ मिळवलेला, जसाच्या तसा शिल्लक आहे. गोष्ट शिवराम कारंतांच्या 1933 सालच्या कादंबरीची. चोमा हा अस्पृश्य वेठमजूर. त्याच्याकडे बैलजोडी आहे, पण त्याच्या जातीच्या माणसाने जमीन कसायची नाही असा गावाचा दंडक. बोलायची सोय नाही, म्हणून तो दुडी वाजवतो. दुडी हा छोटा, घरगुती ढोल. आनंद झाला तरी दुडी, संताप आला तरी दुडी, पोरगा गेला तरी दुडी. एकाच कातड्यातून, जवळजवळ एकाच बोलांतून, ही सगळी अंतरे पार करायची होती, आणि मदतीला व्हायोलिनचे थवे बोलावण्याची मोकळीक संगीतकार कारंतांनी स्वतःला दिलेली नाही. दर खेपेला दुडीचा वेग, तिच्यावरच्या हाताचे वजन आणि दोन आघातांतली जागा तेवढी बदलत जाते. वाजवणाऱ्याला ऐकणारे कोणी आहे की नाही, यानेही तिचा आवाज बदलतो. शेवटी घरातली एकेक माणसे गेलेली, बैल हाकलून दिलेले, आणि चोमा झोपडीत शिरून दार लावून घेतो. दार बंद. आतून दुडी ऐकू येत राहते, आणि मग येईनाशी होते.